भोयरांसाठी बॉल

पेंढारकरांनी माझ्या टेबलावर तीन खोकी ठेवली आणि म्हणाले, "उमाठे मॅडम, यातला चांगला बॉल कुठला ते सांगा. बुधवारपर्यंत रिपोर्ट हवाय."

मी एक खोकं उघडलं. आत लिंबाएवढे, पांढरे, खळग्याखळग्यांचे चेंडू होते.

"हे काय?"

"गोल्फचे बॉल."

"ते दिसतंय मला. पण ही प्रयोगशाळा आहे साहेब. इथे बीड तपासतात, पितळ तपासतात, फार तर रबराचे वायसर तपासतात."

"खरेदी आली की तपासणी आली," पेंढारकर म्हणाले. "एरवी हा नियम तुम्हीच आम्हाला दाखवता."

हे खरं होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. पेंढारकर आमच्या कारखान्यात खरेदी विभागाचे प्रमुख होते आणि वसाहतीतल्या गोल्फ क्लबचे सचिवही. दोन्ही कामं ते एकाच पेनाने करायचे. मी त्यांच्याकडे एखाद्या रसायनाची बाटली मागितली की त्यात चार त्रुटी काढून कागद परत पाठवायचे, आणि तो परतीचा कागद मला आठवड्याने मिळायचा.

ही चौऱ्याण्णव सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. टेंभापूरला आमचा व्हॉल्व्ह बनवायचा सरकारी कारखाना होता आणि कारखाना उभारायला आलेल्या परदेशी इंजिनिअरांनी जाताना मागे नऊ होलचं मैदान ठेवलं होतं. हिरवळीचं नाव नाही. सगळा मुरूम, कडेला बाभळी, आणि प्रत्येक होलभोवती वाळूत जळकं ऑइल कालवून थापलेला गोल ओटा. त्याला सगळे 'ब्राउन' म्हणायचे. आदल्या वर्षी जनरल मॅनेजर रणदिवे साहेब वार्षिक सामना जिंकले तेव्हा कुणीतरी कुजबुजलं, की साहेबांचा बॉलच परदेशी होता. ते साहेबांच्या कानावर गेलं. मग ठरलं, की यंदा सगळ्यांनी एकाच जातीचा बॉल वापरायचा, तो क्लबने द्यायचा आणि तो कुठला हे रीतसर तपासून ठरवायचं.

"चांगला म्हणजे कोणता गुण बघायचा?" मी विचारलं.

"ते तुम्ही आम्हाला सांगायचं," असं म्हणून पेंढारकर गेले.

मी वजनं केली. सारखी. व्यास मोजले. सारखे. मग राहिलं काय, तर कडकपणा. वायसरांचा कडकपणा मोजायचं यंत्र होतंच. नमुना एक अगदी मऊ निघाला, दोन मधला, तीन सगळ्यांत कडक. आमच्या कारखान्यात कडक म्हणजे चांगला. बीड असो, स्पिंडल असो, वायसर असो, मऊ निघालेला माल परत जायचा. अकरा वर्षं मी तेच करत होते. मी लिहिलं, 'नमुना क्रमांक तीन सर्वांत कडक असून त्याची शिफारस करण्यात येते,' सही ठोकली आणि मंगळवारी संध्याकाळीच कागद पाठवून दिला. डोक्याची कटकट गेली एकदाची, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी भोयर आले. किसन भोयर मैदानावरचे मिस्त्री. ब्राउनची वाळू चाळणं, तेल कालवणं, रूळ फिरवणं ही त्यांची कामं. वाळूचा दाणा तपासायला ते वर्षातून दोनदा माझ्याकडे यायचे. अठ्ठावन्नाला टेकलेले, काटक, बोलणं कमी. टेबलावरची खोकी पाहून ते थांबले. एक बॉल उचलून त्यांनी अंगठ्याच्या नखाने दाबला, मग दुसरा, मग तिसरा. तिसरा त्यांनी फरशीवर टाकला आणि कान देऊन आवाज ऐकला.

"हा लावून राह्यले का जी यंदा?"

"हो. तोच सगळ्यांत कडक आहे."

"बेस झालं," भोयर म्हणाले. इतकं खूश झालेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"तुम्हाला काय त्याचं?"

"मी नाव देल्लं ना जी."

मला आधी कळेचना. मग कळलं. सामना कारखान्यातल्या कुणालाही खुला होता. निदान कागदावर होता. पण आजवर साहेब लोकांखेरीज कुणी नाव दिलं नव्हतं. भोयर रोज पहाटे ब्राउन झाडून झाले की उजाडेपर्यंत एकटेच खेळायचे. साहेबांनी टाकून दिलेल्या दोन स्टिक त्यांच्याकडे होत्या. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे काणाडोळा करायचे.

"एकतीस जानेवारीले मी रिटायर होतो," ते म्हणाले. "क्वार्टर सोडा लागते. मंग गेटाच्या आत कोण येऊ देईन? पण जो सामना जिंकते, त्याले क्लबची मेंबरशिप भेटते. मरेपर्यंत. मंग रोज येता येते."

"गाव कुठे तुमचं?"

"हे काय, कुंपणाच्या मांगं. तीन कोस नाई, तीन मैलबी नाई. सायकलनं येईन."

एवढं बोलून ते चाळणी घेऊन गेले. सामना जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होता. म्हणजे या माणसाकडे एकच संधी होती आणि त्याला लागणारा बॉल मी निवडला होता. मला उगाचच बरं वाटलं. आपण कुणाच्या तरी कामी आलो, असं. हा माझा गैरसमज पुढे फारच महागात पडला, पण तो मला पडला नाही, हेच तर वाईट.

नाताळच्या सुटीत भोयरांनी मला मैदानावर बोलावलं. नवी वाळू जरा जाड वाटते, एकदा बघून जा, म्हणून. मी सकाळी सात वाजता शाल गुंडाळून गेले. नवव्या होलपाशी साहेब लोकांचा नमुना तीनच्या बॉलने सराव चालला होता. तिथे मैदान आडवा कापत एक नाला जातो. फटका मारायच्या जागेपासून नाल्याचा पलीकडचा काठ सव्वाशे मीटर. नाल्यात गुडघाभर पाणी आणि खाली काळा चिखल. बॉल त्यात पडला की गेला, वर दोन फटक्यांचा भुर्दंड.

पेंढारकरांनी मारला. गेला नाल्यात. दुसरा मारला. नाल्यात.

"वारा समोरून आहे," ते म्हणाले.

झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं. त्यांच्यानंतर लेखा विभागाच्या साहेबांनी मारला, मग रणदिवे साहेबांनी. सगळे नाल्यात. एकेकजण आपल्या मनगटाला, पाठीला, चष्म्याला दोष देत होता. मग पेंढारकरांनी हसत भोयरांना बोलावलं. "ये रे भोयर, तूही बघ."

भोयरांनी एक आखूड, सपाट फटका मारला. बॉल नाल्याच्या दहा पावलं अलीकडे थांबला. मग चालत जाऊन त्यांनी दुसरा मारला, तो पलीकडे ब्राउनच्या कडेला. सगळे हसले. मला मात्र वाईट वाटलं. बिचाऱ्याचा फटका नाल्यापर्यंतसुद्धा पोचत नाही, असं मी मनाशी म्हटलं.

आणि तिथेच उभ्या उभ्या मला शंका आली. इतकी माणसं, इतक्या तऱ्हेने मारतात आणि सगळ्यांचा बॉल त्याच एका पट्ट्यात पडतो? चूक मारणाऱ्याची असती तर बॉल वेगवेगळीकडे गेले असते. मी घरी आले, रविवार असून प्रयोगशाळा उघडली आणि नमुना तीन आणि नमुना एक शिकंज्यात धरून दाबले. तेवढ्याच जोरात नमुना एक चांगला चेपत होता आणि सुटताच उसळत होता. तीन हलतसुद्धा नव्हता. त्याला चेपायला पैलवान हवा होता. आणि आमचे साहेब लोक म्हणजे पन्नाशीचे, पोट सुटलेले, दिवसभर खुर्चीत बसणारे. हळू मारणाऱ्याला मऊ बॉल लागतो. वायसरासारखा तपासून मीच त्यांच्या हाती दगड दिला होता.

मी डोक्याला हात लावला. पण चूक झाली तर ती सुधारायची, हे तरी आपल्या हातात असतं. सर्वेक्षणवाल्यांकडून मी मोजपट्टी आणली. बॉलवर खालच्या बाजूला रंगाचे ठिपके दिले आणि चार साहेब आणि भोयर यांना मोकळ्या माळावर प्रत्येक नमुन्याचे दहा दहा फटके मारायला लावले. कोणता बॉल कोणता हे कुणाला सांगितलं नाही. सगळ्यांचा मऊ बॉल दहा-बारा मीटर जास्त गेला. रणदिवे साहेबांचा तर चौदा.

भोयर मारायलाच तयार नव्हते. "मले कायले घेता जी त्यात?" म्हणून तीनदा टाळलं. शेवटी मारले. आणि मी पाहतच राहिले. मोकळ्या माळावर त्यांनी पूर्ण हात फिरवला तेव्हा मऊ बॉल एकशे चौतीस मीटरवर पडला. पेंढारकरांच्याही पुढे.

"भोयर! अहो, या बॉलने तुम्ही नाला एका फटक्यात ओलांडाल!"

"हो जी," ते म्हणाले. "ओलांडीन." आणि मोजपट्टी गुंडाळायला लागले.

"तुम्हाला आनंद नाही झाला?"

"मॅडम, ऱ्हाऊ द्या ना. एकदा रिपोर्ट देल्ला ना तुमी? कडकच बरा हाय तो."

"अहो पण तो चुकीचा आहे!"

"असू द्या. कोनाचं काय बिघडते?"

असा राग आला मला! साहेबांनी ठरवलं की झालं, आपण कशाला बोलायचं, हा तो स्वभाव. मी लहानपणापासून पाहत आलेय. माझे वडीलही असेच होते. समोरचा पायावर धोंडा पाडत असला तरी म्हणायचे, ऱ्हाऊ द्या. या माणसाचं उरलेलं आयुष्य या एका सामन्यावर आहे आणि हा म्हणतो कोणाचं काय बिघडतं! मी ठरवलं, याला नको असलं तरी मी याच्यासाठी भांडेन.

पेंढारकरांकडे गेले. ते चहा पीत होते.

"रिपोर्टवर सही कुणाची आहे?" त्यांनी विचारलं.

"माझी."

"मग?"

"चुकलं माझं. मऊ बॉल घ्यायला हवा."

"तो?" त्यांनी खोक्यावरचं चित्र माझ्याकडे फिरवलं. "मॅडम, हा बायकांचा बॉल आहे. इथे बाईचं चित्र आहे, बघा."

"मग बायकांना बॉल कळतो म्हणायचं," मी म्हणाले.

त्यांना ते आवडलं नाही. "तुमच्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट चुकला असं लेखी द्याल? सुधारित अहवाल? अकरा वर्षांत एकदाही दिला नाहीये तुम्ही. वरच्या जागेची मुलाखत मार्चमध्ये आहे ना तुमची?"

ती होती. पेंढारकर त्या समितीवर होते. मी तिथेच त्यांच्याच टेबलावरचा कागद ओढला आणि त्यांच्याच पेनाने लिहून दिलं. सही करताना नाव इतकं जोरात लिहिलं की खालच्या कागदावर उमटलं.

प्रकरण रणदिवे साहेबांपुढे गेलं. त्यांनी आकडे पाहिले, मला दोन प्रश्न विचारले आणि भोयरांना बोलावलं.

"काय भोयर, तुम्ही रोज मैदानावर असता. कुठला बॉल बरा?"

मी भोयरांकडे पाहिलं. डोळ्यांनी सांगितलं, बोला. आता तरी बोला.

भोयर टोपी हातात धरून म्हणाले, "सायेब, कडकच बरा हाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेंढारकरांनी पाय पसरले. पण रणदिवे साहेब पुन्हा आकड्यांकडे बघत होते आणि त्यांचं बोट त्यांच्याच नावासमोरच्या चौदा मीटरवर होतं.

"नाही," ते म्हणाले. "मॅडमचं म्हणणं बरोबर दिसतंय. नमुना एक मागवा."

बाहेर व्हरांड्यात मी भोयरांना गाठलं. "तुम्ही असं का केलंत? माझी काय अब्रू राहिली? मी तुमच्यासाठी भांडतेय आणि तुम्ही पेंढारकरांची री ओढता? एवढं कसलं भ्यायचं साहेब लोकांना?"

काहीतरी सांगायला भोयरांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"आता जे लिवलं ते खरं हाय ना जी?" त्यांनी विचारलं.

"अर्थात खरं आहे! मोजून लिहिलंय."

"मंग झालं," असं म्हणून ते वाळूच्या ढिगाकडे निघून गेले.

त्यानंतर सामन्याला अठरा दिवस होते. रोज पहाटे मला खिडकीतून मैदानावरून टक्-टक् आवाज यायचा. नव्या बॉलचा आवाज मंद होता. भोयर सराव करताहेत, असं समजून मी पांघरूण ओढून घ्यायचे.

सामन्याच्या दिवशी कडाक्याची थंडी होती. वसाहतीतली निम्मी माणसं आली होती. साहेब लोक एका बाजूला खुर्च्यांवर, आणि दुसऱ्या बाजूला फौंड्रीतली माणसं, जी आजवर मैदानात पाऊल टाकत नव्हती, ती मुरमावर उकिडवी बसलेली. भोयर खेळताहेत ही बातमी सगळीकडे पोचली होती. त्यांची बायको यमुनाबाई कुंपणापाशी उभी होती, आत यायला लाजत.

नऊ होल, ज्याचे फटके कमी तो जिंकला, एवढं मला आता कळत होतं. भोयर सुरेख खेळत होते. कुठे उतार आहे, कुठला मुरूम भुसभुशीत आहे, कुठल्या ब्राउनवर तेल जास्त पडलंय, हे त्यांना तळहातासारखं ठाऊक होतं. बाकीचे एकेक करून मागे पडले. आठवं होल संपलं तेव्हा भोयर आणि पेंढारकर बरोबरीत होते. पेंढारकर! मला हसू आलं. ज्या माणसाने गेल्या चार वर्षांत नाला कधी ओलांडला नाही, तो शेवटच्या होलवर भोयरांशी बरोबरी करतोय.

पेंढारकरांनी आधी मारला. बॉल वर गेला, नाल्यावर एक क्षण थांबल्यासारखा दिसला आणि पलीकडच्या काठावर पडून टुणकन पुढे गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पेंढारकरांनाच विश्वास बसेना. ते आळीपाळीने स्टिककडे आणि बॉलकडे बघत राहिले.

मग भोयर. मी नकळत दोन पावलं पुढे गेले. माझ्या मते आता काही प्रश्नच नव्हता. एकशे चौतीस मीटर. मी स्वतः मोजलेले. पूर्ण हात फिरवा, एवढंच मी मनात घोकत होते.

भोयरांनी नाल्याकडे पाहिलं. बॉलकडे पाहिलं. स्टिक मागे नेली आणि तोच आखूड, सपाट फटका मारला. बॉल नाल्याच्या अलीकडे थांबला, नेहमीच्या जागी.

फौंड्रीवाल्यांपैकी दोघेतिघे उठून उभे राहिले. पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. भोयरांनी दुसऱ्या फटक्यात नाला ओलांडला, तिसऱ्यात बॉल होलपाशी नेला, चौथ्यात घातला. पेंढारकरांनी तीनमध्ये संपवलं.

एका फटक्याने गेलं. रणदिवे साहेबांनी पेंढारकरांना चषक दिला, आजीव सभासदत्वाचं पत्र दिलं. निवृत्तीनंतरही अधिकाऱ्यांचं सभासदत्व तसंही चालूच राहायचं, पण पत्र त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं. "हा विजय मी उमाठे मॅडमच्या प्रयोगशाळेला अर्पण करतो," असं म्हणाले आणि सगळे हसले. मलाही हसावं लागलं.

भोयर रूळ ठेवायच्या शेडकडे निघाले होते. मी मागोमाग गेले.

"का नाही मारलात?" मी ओरडलेच. "मोजून दिलं होतं मी तुम्हाला! त्या जाड्या पेंढारकरांना जमतं आणि तुम्हाला जमत नाही? आयुष्यात एकदा तरी नाल्यापलीकडे मारायचं धाडस करायचं होतं! माझी सगळी मेहनत पाण्यात घातलीत तुम्ही, भोयर!"

कुंपणापाशी यमुनाबाई ऐकत होत्या. भोयरांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "चुकलं जी."

मी तशीच घरी आले. पुढचे पंधरा दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. फक्त एकदा रणदिवे साहेबांकडे जाऊन विचारलं, की भोयरांना अपवाद म्हणून सभासद करता येईल का. ते म्हणाले, क्लबच्या घटनेत तरतूद नाही. माझी चिडचिड आणखी वाढली. घटनेवर, साहेबांवर, पेंढारकरांवर, आणि सगळ्यांत जास्त भोयरांवर. हातातोंडाशी आलेलं कुणी असं सोडतं का?

एक फेब्रुवारीला सकाळी मी कामावर निघाले तर त्यांच्या क्वार्टरपुढे टेंपो उभा होता. सामान चढवणं चाललं होतं. यमुनाबाई आत भांडी बांधत होत्या. माझा राग तोवर थोडा निवला होता. जाणाऱ्या माणसाशी अबोला कसला धरायचा, म्हणून मी थांबले.

भोयर दोरीने खाट बांधत होते. त्यांनी मला बघून हात जोडले.

"राग गेला का जी?"

"नाही गेला," मी म्हणाले. "मला एकदा खरं सांगा. का नाही मारलात?"

त्यांनी दोरीची गाठ पुरी केली. मग ओट्यावर बसले.

"मॅडम, मी तीस वर्स खेळून राह्यलो इथं. पन माह्याकडे एका टायमाले एकच बॉल राहे. सायेब लोकायचा हरवलेला, बाभळीत सापडलेला. तो नाल्यात गेला तं दुसरा सापडेपर्यंत दोन-दोन महिने खेळ बंद. ज्याच्यापाशी एकच बॉल हाय, तो पान्यावरून मारत नाई जी. मी सदा अलीकडंच थांबवला. आता हाताले तेच माहीत हाय. अठरा दिवस पहाटे उठून नाल्यावरून मारून पायलं, तुमी म्हनाल्या म्हनून. नाल्यापाशी आलो का हात आपोआप आखडे. माळावर जाते, नाल्यावर नाई जात."

मी ऐकत होते.

"आन् सायेब लोकायचं उलटं," ते म्हणाले. "त्यायच्यापाशी डब्बे भरून बॉल. ते अलीकडं थांबवतच नाईत. चार वर्स नाल्यात घालून राह्यले, तरी मारतातच. कडक बॉल असता तं परत सगळे नाल्यात गेले असते. दोन-दोन फटक्यायचा भुर्दंड. मी आपला अलीकडं थांबून, दोन फटक्यात पार. मले दुसरं काई करा लागत नव्हतं जी. नेहमीसारखं खेळा लागे, बस."

म्हणून तिसरा बॉल फरशीवर टाकून ते इतके खूश झाले होते. म्हणून साहेबांपुढे टोपी हातात धरून म्हणाले होते, कडकच बरा. आणि मी त्यांना भित्रा म्हटलं होतं. त्यांच्या बायकोसमोर.

मी त्यांचा फटका मोजला होता. खेळ मोजलाच नव्हता.

"अहो, मग मला सांगायचं नाही का?" मी विचारलं. "व्हरांड्यात मी तुम्हाला एवढं बोलले, तेव्हा तरी सांगायचंत!"

"सांगनारच व्हतो," भोयर म्हणाले. "मंग मी इचार केला. मी तुमाले सांगतलं असतं, का मॅडम, सायेब लोक पान्यात पडावं म्हनून वाईट बॉल ठेवा, तं तुमी ठेवला असता काय?"

हो म्हणावंसं फार वाटत होतं. एक हो म्हटलं असतं तर दोघांनाही बरं वाटलं असतं. पण मोजून आलेला आकडा मी कधी बदललेला नाही, आणि त्या दिवशीही बदलला नसता.

"नाही," मी म्हणाले. "हाच रिपोर्ट दिला असता."

"मले माहीत व्हतं ते," भोयर म्हणाले. त्यांच्या बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता. "मंग तुमाले कायले सांगू? तुमी तेच लिवलं असतं, फक्त रडत लिवलं असतं."

टेंपोवाल्याने हॉर्न वाजवला. भोयर उठले आणि खाटेच्या एका बाजूला जाऊन वाकले.

"धरा जी जराशी तिकडून," ते म्हणाले. "एकट्याच्यानं नाई उचलत."

मी पर्स ओट्यावर ठेवली आणि दुसरी बाजू धरली.